जमिनीचे माप आणि जमिनीचे मोल

सातबाराचा उतारा ज्या घरात कधी आलाच नाही, असे घर आपल्या समाजात क्वचितच असेल. वारसाची नोंद करताना, कर्ज काढताना, वाटणीच्या वेळी किंवा खरेदी-विक्रीच्या प्रसंगी हा कागद पुढे येतो. त्यावरील नावे आपण काळजीपूर्वक वाचतो, क्षेत्र पाहतो आणि घडी घालून तो ठेवून देतो. परंतु क्षेत्राच्या जवळच 'आकार' म्हणून रुपये-पैशांत जो लहानसा आकडा लिहिलेला असतो, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कित्येक एकर जमिनीचा आकार पुष्कळदा थोडक्याच रुपयांचा असतो. सबब त्याचे महत्त्व ते काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या एका आकड्यामागे दख्खनच्या भूमीचा मोठा इतिहास उभा आहे. आपल्या पूर्वजांनी कोणत्या मापाने जमीन मोजून दिली, तिचे मोल कोणी व कसे ठरविले, ते चुकले तेव्हा काय प्रसंग ओढवले, हे सारे त्यात साठलेले आहे. स्मरणिकेच्या वाचकांपुढे त्याचीच हकीकत थोडक्यात मांडण्याचा येथे विचार आहे.

आरंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. जमिनीचे माप घेणे ही एक गोष्ट आणि तिचे मोल ठरविणे ही दुसरी. मापाची हत्यारे काळानुसार सुधारत गेली. मोलाचा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला, आणि तो चुकला की त्याचा भार शेतात राबणाऱ्यावरच पडला.

काठी आणि बिघा

उत्तरेत अकबर बादशहाच्या कारकीर्दीत राजा तोडरमल याने मोजणीची जी सुधारणा केली, तिची कीर्ती दक्षिणेतही पसरली होती. पूर्वी तेथे तागाच्या दोरीने जमीन मोजीत. दोरी भिजली की आखडे, सुकली की सैल पडे. साहजिकच एकाच शेताचे माप दोन वेळा दोन प्रकारचे येई. तोडरमलाने दोरीच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या काठ्या आणल्या. दिसावयास ही गोष्ट क्षुल्लक आहे. परंतु माप बदलता येणार नाही अशी व्यवस्था केली म्हणजे मोजणाऱ्याच्या मर्जीला आळा बसतो, हे मर्म त्याने ओळखले होते.

आपल्याकडे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने हेच कार्य निराळ्या रीतीने केले. १६२६ मध्ये तो निवर्तला, पण त्याने घालून दिलेला 'मलिकंबरी धारा' त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडी राहिला. गावे मक्त्याने देण्याची पद्धत मोडून जमिनीची प्रत पाहून धारा ठरविणे, हे त्याच्या व्यवस्थेचे मुख्य सूत्र होते.

श्रीशिवछत्रपतींच्या राज्यातील मोजणीचे वर्णन सभासदाने जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत आले आहे. त्यानुसार मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची असे. हात चौदा तसूंचा धरला जाई आणि हात व मुठी मिळून काठीची लांबी ८२ तसू होई. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद अशा चौरसाचा एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. पिकाचा अजमास करून त्याचे पाच भाग करावेत, तीन रयतेस ठेवावेत व दोन सरकारात घ्यावेत, असा नियमही तेथे नमूद आहे. या मोजणीच्या कामी अण्णाजी दत्तो यांचे नाव प्रसिद्ध आहे. माप निश्चित आणि सरकारचा हिस्साही निश्चित, ही या व्यवस्थेची खूण होती.

त्या काळी मापाइतकीच माणसाची साक्षही महत्त्वाची असे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार अशा सर्व गावकामगारांची स्मरणशक्ती हेच गावाचे दप्तर होते. शिवेचा तंटा उपस्थित झाला की महार वतनदाराची साक्ष प्रमाण मानीत. त्याने चालून दाखविलेली शीव गाव मान्य करी. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांच्याही ज्ञानावर जमिनीचा इतिहास उभा होता, हे आपण विसरता कामा नये.

पेशवाईच्या अखेरच्या काळात ही घडी विसकटली. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत परगण्यांचे मामले अधिक बोली करणाऱ्यास मक्त्याने दिले जाऊ लागले. मामला पुढील वर्षी आपल्याकडे राहील की नाही याची मक्तेदारास शाश्वती नसे. म्हणून हाती आलेल्या वर्षातच मिळेल तेवढे काढून घेण्याकडे त्याची प्रवृत्ती होई. १८१८ नंतर दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्याकडे आला. त्याने १८१९ च्या आपल्या अहवालात या मक्तेदारीचे दुष्परिणाम स्पष्ट नमूद केले आहेत.

प्रिंगलसाहेबांचा हिशेब

नव्या सरकारने पुणे प्रांतात शास्त्रशुद्ध पाहणी करण्याचे ठरविले व हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याकडे सोपविले. पाहणीस १८२४ च्या सुमारास आरंभ झाला. इंग्लंडात त्या काळी रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाच्या खंडविषयक सिद्धांताचा मोठा बोलबाला होता. त्यास अनुसरून प्रिंगलने ठरविले की, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढावे, त्यातून मशागतीचा सर्व खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा शेकडा ५५ भाग सरकारने घ्यावा. कागदावर याहून न्याय्य योजना कोणती असू शकेल?

परंतु ही योजना शेतात उतरली तेव्हा निराळाच अनुभव आला. बियाणे, बैल, चारा, मजुरी, घरच्या माणसांचे श्रम या सर्वांचा खर्च हजारो शेतांच्या बाबतीत अचूक काढावयाचा, तर तशी माहिती देणारा आणि ती पडताळून पाहणारा, दोघेही प्रामाणिक व जाणकार हवेत. प्रत्यक्षात हे काम बहुतांशी हाताखालच्या नोकरांवर पडले आणि त्यांच्या कामाची तपासणी करण्याची व्यवस्था अपुरी होती. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन बरड ठरली आणि ज्याने केले नाहीत त्याचे बरड रान काळे ठरले, असे प्रकार घडले. त्यातच धान्याचे भाव उतरले. १८३० च्या सुमारास हे दर लागू झाले आणि थोड्याच वर्षांत इंदापूर भागातील पुष्कळ जमीन पडीक पडली. कित्येक कुटुंबे घरदार सोडून शेजारच्या निजामी मुलखात निघून गेली.

प्रिंगल हा दुष्ट मनुष्य होता, असे म्हणण्यास आधार नाही. त्याचा हिशेब बारीक होता, हेतूही चांगला होता. उणीव होती ती एवढीच की, तो हिशेब ज्या माहितीवर उभा होता, ती तपासण्याचा मार्ग सरकारजवळ नव्हता आणि शेतकऱ्याजवळही नव्हता.

इंदापूरची नवी मोजणी

१८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा इंजिनिअर दलातील तरुण लेफ्टनंट यांनी इंदापूर तालुक्यात पाहणीस नव्याने प्रारंभ केला. मूळ विचार जुन्या पाहणीतील चुका दुरुस्त करण्याचा होता. परंतु चुका इतक्या निघाल्या की सारे काम पुन्हा करणे प्राप्त झाले. इंदापुरात या पद्धतीला जे रूप आले, तेच पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र नेण्यात आले. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनी मिळून जो संयुक्त अहवाल सादर केला, त्यात या पद्धतीचे नियम ग्रथित झाले.

यांचे मापाचे साधन साधेच होते. साखळी ३३ फूट लांबीची आणि तिचे सोळा आणे पाडलेले. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. काटकोन साधण्यासाठी शंकू वापरीत. शेताच्या मधून एक सरळ रेषा धरावयाची, तिच्यावर बांधाच्या प्रत्येक कोपऱ्यातून लंब टाकावयाचे आणि त्यांची मापे टिपणात लिहावयाची. शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पडत आणि गुणाकाराने क्षेत्र निघे. पाटी-पेन्सिल चालविणाऱ्या कोणासही हा हिशेब पुन्हा मांडून पाहता येत असे. शेताच्या हद्दीवर दगड अथवा मातीचे बुरूज उभारीत आणि प्रत्येक शेतास क्रमांक देत. आज आपण ज्यास 'सर्व्हे नंबर' म्हणतो, तो हाच.

खरी कसोटी होती ती प्रतबंदीची. जमिनीचे पोत पाहून तीन वर्ग केले होते. पहिला बारीक पोताच्या काळ्या मातीचा, दुसरा तांबूस व किंचित भरड मातीचा आणि तिसरा मुरमाड, खडकाळ भरड मातीचा. शेताचे सारखे खण पाडून प्रत्येक खणात खड्डा घ्यावयाचा आणि मातीची खोली हातांत मोजावयाची. पहिल्या वर्गाची जमीन पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा आणे. सव्वा हातास बारा, हातभर खोलीस दहा, याप्रमाणे उतरत पाव हात खोलीची काळी जमीन साडेचार आण्यांवर येई. तिसऱ्या वर्गाची हातभर खोल जमीन सहा आण्यांचीच मानीत आणि पाव हात खोलीची दोन आण्यांची. त्याखेरीज चुनखडी, वाळूचा अंश, उताराची जमीन, पाणी न झिरपणे, ओढ्याच्या पुराने वाहून जाणे असे दोष ठरविलेले होते. प्रत्येक दोषाला जमीन एका पायरीने खाली उतरे. हे दोष शेताच्या छोट्या नकाशात खुणांनी दाखवीत. वरचा अधिकारी यांपैकी काही शेते निवडून स्वतः पुन्हा खड्डे घेई आणि कारकुनाचे काम तपासून पाही.

येथे प्रिंगल आणि विंगेट यांच्या पद्धतींतील मूळ भेद दिसून येतो. विंगेटने निव्वळ उत्पन्न काढण्याचा प्रयत्नच सोडून दिला. त्याने मागील वर्षांची वसुली, पाऊसमान, बाजारपेठ किती दूर आहे आणि त्या भागातील शेतीची स्थिती कशी आहे हे पाहून गावांचे गट केले व प्रत्येक गटास जिरायतीचा कमाल दर ठरवून दिला. मग तो दर शेताशेतांत आण्यांच्या प्रमाणात वाटून दिला. समजा, एखाद्या गावचा कमाल दर एकरी एक रुपया असेल, तर सोळा आण्यांच्या जमिनीस एक रुपया आणि आठ आण्यांच्या जमिनीस अर्धा रुपया. आपल्या शेताची आण्यांतील प्रत कळली की शेतकऱ्यास आपला आकार स्वतः ताडून पाहता येई, शेजाऱ्याच्या आकाराशी तुलना करता येई. शिवाय हा आकार ३० वर्षांसाठी कायम केला. या मुदतीत विहीर खोदली, बांध घातला, जमीन सुधारली, तरी त्या सुधारणेवर वाढीव सारा नाही. पडलेली जमीन हळूहळू पुन्हा नांगराखाली आली, यात या हमीचा वाटा फार मोठा होता.

यशातील उणीव

परंतु इतिहासाचा पट एकाच रंगाचा नसतो. नव्या पद्धतीत जमिनीला नंबर मिळाला, निश्चित क्षेत्र मिळाले, खातेदाराचे नाव लागले आणि ती वारसाने जाणारी व विकता येणारी मालमत्ता ठरली. ज्या कागदाने शेतकऱ्यास शाश्वती दिली, त्याच कागदामुळे त्याची जमीन सावकारास चांगले तारण वाटू लागली. कर्ज सुलभ झाले, आणि दिवाणी न्यायालयांतून हुकूमनामेही सुलभ झाले.

इंदापूरची ३० वर्षांची मुदत १८६६-६७ मध्ये संपली. तो काळ विलक्षण होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि इकडील कापसाचे भाव गगनास भिडले. आगगाडी सोलापूरपर्यंत पोहोचली होती. सर्वत्र भरभराट दिसत होती. फेरआकारणी करणाऱ्यांनी हे चढे भाव पाहिले आणि साऱ्यात मोठी वाढ केली. परंतु युद्ध संपले तसे भाव कोसळले. वाढीव सारा मात्र कायम राहिला. या वेळी साखळी चुकली नव्हती, गुणाकारही चुकला नव्हता. चुकले ते मोल. चार दिवसांची तेजी ही जमिनीची कायमची ताकद आहे, असे धरले गेले.

१८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध आवाज उठविला. १८७४ मध्ये सरकारने फेरआकारणीच्या वाढीस मर्यादा घातली. ती तालुक्यावर शेकडा ३३, एका गावावर शेकडा ६६ आणि एका खात्यावर शेकडा १०० यांहून अधिक असू नये, असे ठरले. परंतु तोपर्यंत उशीर झाला होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख मुख्यतः सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून घेऊन जाळण्यात आले. आपली जमीन ज्या कागदांत अडकली, ते कागद वाचता न येणाऱ्या माणसांपुढे त्यांचा नाश करण्यावाचून अन्य उपाय दिसत नव्हता, ही गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला, तो या दंग्यांच्या चौकशीनंतर. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात साऱ्याचा बोजा आणि अज्ञानामुळे होणारी नाडवणूक यांचा परस्परसंबंध परखडपणे दाखविला. विद्येवाचून हक्काचे रक्षण होत नाही, हा त्यांचा इशारा जमिनीच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरला होता.

हक्कनोंदीपासून आकाशातील डोळ्यापर्यंत

मूळ मोजणीची पत्रके साऱ्यासाठी होती. जमिनीवर कोणाकोणाचे काय हक्क आहेत हे त्यांत पूर्णपणे येत नव्हते. ती उणीव १९०३ च्या हक्कनोंदीच्या कायद्याने भरून काढण्यास आरंभ झाला. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही, सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. यांतील सात व बारा एकत्र येऊन 'सातबारा' झाला. कुलकर्णी वतने १९५१ मध्ये संपली, पाटीलकीची वतने १९६३ च्या आरंभी संपली आणि गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. आता सातबारा संगणकावर आला असून २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो.

जुन्या मोजणीने शेत मोजले, पण गावठाणातील घर बहुधा तसेच राहिले. पिढ्यान् पिढ्या राहत्या घराला धड नकाशा नाही, अशी बहुसंख्य खेड्यांची स्थिती होती. हे काम आता ड्रोन नावाच्या छोट्या विमानाने केले जाते. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी त्याचा आरंभीचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारने 'स्वामित्व' या नावाने ही योजना सुरू केली. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून घराघरांचा नकाशा तयार होतो आणि धारकास मिळकत पत्रिका मिळते. परंतु विमान उडण्यापूर्वी एक काम जमिनीवरच करावे लागते. शेजारी-शेजारी उभे राहून आपापल्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ मारून घ्यावी लागते. यंत्र ती रेघ अचूक टिपते. ती कोठे असावी हे मात्र त्यास ठाऊक नसते. त्या क्षणी घरातील जाणते माणूस गैरहजर असेल, तर कितीही सूक्ष्म यंत्र त्या कुटुंबाच्या उपयोगी पडणार नाही.

शहरातील कुटुंबांनाही हा इतिहास परका नाही. मुद्रांक शुल्कासाठी दरवर्षी मूल्यदर तक्ते निघतात. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर आकारला जाऊ लागला आणि त्यात इमारतीचे वय, बांधकामाचा प्रकार, वापर यांप्रमाणे मूल्य कमी-अधिक होते. मातीचे तीन वर्ग आणि तिचे दोष यांचीच ही सिमेंटच्या युगातील भावंडे म्हणावी लागतील. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संदर्भात निर्णय दिला की, भावी बांधकामाच्या शक्यतेवर नव्हे, तर मिळकतीच्या आजच्या स्थितीवर मूल्य ठरले पाहिजे. इंदापूरच्या फेरआकारणीत उद्याची भरभराट गृहीत धरून आजचा सारा वाढविला गेला होता. तोच प्रश्न दीडशे वर्षांनी निराळ्या वेषात पुन्हा उभा राहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपले कर्तव्य

काठी गेली, साखळी गेली, आता उपग्रहांच्या साह्याने क्षणार्धात स्थान निश्चित करणारी यंत्रे आली. प्रत्येक साधनाने माप अधिक शुद्ध केले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु आकारणी न्याय्य ठरली ती केवळ साधनाच्या सूक्ष्मतेमुळे नव्हे. ज्याच्यावर कर बसतो त्यास तो कसा बसला हे समजले, तपासता आले आणि चूक असल्यास वेळीच सांगता आले, तेथे ती टिकली. जेथे हे झाले नाही, तेथे पडीक रान आणि जळके रोखे मागे राहिले.

आपल्यातील पुष्कळ कुटुंबे आज नोकरी-व्यवसायानिमित्त गाव सोडून दूर राहतात. वडिलोपार्जित जमिनीचे उतारे कोणाच्या तरी पेटीत असतात आणि त्यांतील नावे दोन पिढ्यांपूर्वीची असतात. संस्थेच्या सभासद कुटुंबांनी एवढे अवश्य करावे. सातबारा, खातेउतारा आणि मिळकत पत्रिका वर्षातून एकदा काढून वाचाव्यात. वारसांच्या नोंदी, मुलींच्या नावांसह, वेळीच करून घ्याव्यात. मोजणीची अथवा हरकतीची नोटीस आली तर कोणीतरी जाणते माणूस जागेवर हजर राहावे. जुनी टिपणे व फाळणीच्या नकला जपून ठेवाव्यात आणि ती वाचावयाची कशी, हे घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांस शिकवावे. ज्ञातिसंस्थेने विद्यार्थ्यांस पुस्तके व शिष्यवृत्त्या द्याव्यात, हे तर योग्यच आहे. त्याबरोबर एखाद्या रविवारी कागदपत्रे वाचण्याचा वर्ग भरविला, तर तोही विद्यादानाचाच एक प्रकार होईल.

आपल्या पूर्वजांनी जमीन राखली ती घाम गाळून. आपल्याला ती राखावयाची आहे ती अक्षर ओळखून. घरातील सातबारा यापुढे हाती येईल तेव्हा त्या कोपऱ्यातील लहानशा आकड्याकडेही क्षणभर पाहावे. आपल्या शेतात कोणे एके काळी खड्डे घेऊन, हाताने खोली मोजून तो लिहिला गेला आहे.